डॉक हॉलिडे : बंदुकीमुळे गाजलेला दातांचा डॉक्टर, आणि त्याच्या घरच्यांनी जपलेली त्याची गोष्ट

1880 च्या जून महिन्यात अमेरिकेत जनगणना सुरू होती. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट गावात एका घरात तीन भाडेकरू राहत होते. त्यातला एक जॉन गॉस्पर, म्हणजे त्या प्रदेशाचा सरकारी सचिव. दुसऱ्या एकाची नोंद प्रगणकाने अशी केली : नाव जे. एच. हॉलिडे, वय 29, अविवाहित, धंदा दातांचा डॉक्टर.

वय चुकलं होतं. तो तेव्हा 28 वर्षांचा होता, 29 वं लागायला दोन महिने बाकी होते. पण धंद्याच्या रकान्यात जे लिहिलं गेलं, ते त्याने स्वतःच सांगितलं असणार. सोळा महिन्यांनी याच माणसाने हातात शॉटगन घेऊन टूमस्टोनच्या रस्त्यावर एकाला मारलं आणि पुढची दीडशे वर्षं तो जगाला फक्त ‘डॉक हॉलिडे’ म्हणून माहीत राहिला. 1993 च्या ‘टूमस्टोन’ सिनेमात व्हाल किल्मरने केलेला घामेजलेला, खोकणारा, हसत हसत पिस्तूल काढणारा माणूस तो हाच. त्याचे तुकडे आजही रील्समध्ये फिरतात.

आता ‘डॉक’ का म्हणायचे, तर तो खरोखरच डॉक्टर होता. रीतसर पदवी घेतलेला. हा भाग सिनेमात एखाद्या वाक्यात उरकतो. घरच्यांनी जपलेली हकीकत वाचली तर मात्र निम्मं आयुष्य याच भागात जातं.

जॉन हेन्री हॉलिडेचा जन्म 14 ऑगस्ट 1851 चा, जॉर्जिया राज्यातल्या ग्रिफिन गावचा. वडील हेन्री हॉलिडे मेक्सिकोच्या युद्धात लढून आलेले. येताना त्यांनी तिथला एक अनाथ मुलगा, फ्रान्सिस्को, सोबत आणला होता. जॉनच्या आधी झालेली मुलगी तान्हेपणीच गेली होती. एक काका डॉक्टर. थोडक्यात, बऱ्यापैकी खातंपितं, शिकलेलं घर, आणि त्या काळच्या दक्षिणेतल्या अशा घरांप्रमाणे गुलाम बाळगणारं.

याच ठिकाणी कौटुंबिक इतिहास म्हणजे काय चीज असते, तेही कळतं. हॉलिडे घराण्यातल्याच कॅरन हॉलिडे टॅनर यांनी 1998 मध्ये घरातले कागद आणि ऐकीव आठवणी एकत्र करून त्याचं चरित्र लिहिलं. त्यात एक गोष्ट आहे. जॉन जन्मला तो दुभंगलेली टाळू आणि ओठ घेऊन, आणि डॉक्टर काकांनी क्रॉफर्ड लाँग यांच्या मदतीने त्याचं ऑपरेशन केलं. हे लाँग म्हणजे साधं नाव नाही. 1842 मध्ये ईथर हुंगवून, रुग्णाला वेदना न होता शस्त्रक्रिया करणारे ते पहिल्या डॉक्टरांपैकी एक. त्यानंतर आईने तासन् तास बसून मुलाला स्पष्ट बोलायला शिकवलं, असंही घरचे सांगत आले. गोष्ट सुंदर आहे. पण गॅरी रॉबर्ट्स यांच्यासारख्या नंतरच्या चरित्रकारांना ती पटत नाही, कारण तिला त्या काळातल्या लेखी पुराव्याचा आधार मिळत नाही. घरातली गोष्ट खोटीच असते असं नाही, पण पिढ्यान् पिढ्या सांगताना तिला अंग फुटतं, हे आपल्याही घरांत कुणाला नवं नाही.

ज्या गोष्टीला पक्का आधार आहे ती आईच्या मृत्यूची. यादवी युद्धाच्या शेवटच्या काळात हे कुटुंब दक्षिणेला व्हल्डोस्टाला सरकलं होतं. तिथे 16 सप्टेंबर 1866 ला आई ॲलिस गेली. आजार टीबी. जॉन पंधरा वर्षांचा होता. तीन महिन्यांत वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि नवी बायको वयाने मुलालाच जवळची होती. बाप-लेकात तेव्हापासून जे अंतर पडलं ते पुढे मिटलं नाही, असं घरात मानलं जातं.

मग दात कुठून आले?

त्या काळात दात काढायला फारशी पदवी लागत नसे. न्हाव्यापासून लोहारापर्यंत कुणीही चिमटा हातात घेई. जगातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज बाल्टिमोरला 1840 मध्ये निघालं, आणि त्यानंतरही बहुतेक जण एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करूनच पाटी लावत. हॉलिडेने मात्र दोन्ही केलं. गावच्या दंतवैद्याकडे उमेदवारी आणि फिलाडेल्फियाच्या पेनसिल्वेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीमध्ये शिक्षण. दातांच्या रोगांवर प्रबंध लिहून 1 मार्च 1872 ला तो पास झाला. वय वीस.

तो जे शिकला ते काम नाजूक होतं. किडलेला भाग हाताने कोरायचा किंवा पायाने चालवायच्या ड्रिलने. हे ड्रिल शिलाई मशीनसारखं पायटा मारून फिरवायचं, आणि तो शिकत होता त्याच सुमारास ते बाजारात आलं होतं. मग त्या खड्ड्यात सोन्याचा पातळ वर्ख थरावर थर दाबून भरायचा. एक दात भरायला तास-दोन तास सहज जात. दात गेले असतील तर कवळी, आणि कवळीसाठी व्हल्कनाइट नावाचं कडक रबर. या रबराचं पेटंट असलेली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवाना शुल्क उकळायची आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेचायची. 1879 मध्ये या कंपनीच्या जोसाया बेकन या अधिकाऱ्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात एका दंतवैद्याने गोळी घातली. धंद्यापायी माणूस मारणारा दंतवैद्य त्या काळात होता, पण तो हॉलिडे नव्हे.

हॉलिडेचा हात चांगला होता, असं दिसतं. ग्रिफिनमध्ये अशी आठवण सांगतात, की त्याने एका लहान मुलीच्या दाताला सोन्याची टोपी बसवली आणि ती बाई शंभरी ओलांडून 1960 च्या दशकात गेली तेव्हाही टोपी जागेवर होती. ही आठवणच आहे, तिला तेवढंच वजन द्यावं. डॅलसची गोष्ट मात्र नोंदलेली आहे. 1873 मध्ये तो तिथे गेला, जॉन सीगर या जॉर्जियाच्याच दंतवैद्याबरोबर भागीदारीत बसला, आणि त्यांच्या दवाखान्याने तिथल्या जत्रेतल्या प्रदर्शनात सोन्यातल्या आणि रबरातल्या कवळ्यांसाठी बक्षिसं मिळवली.

पण डॅलसला तो हौसेने गेला नव्हता. अटलांटात जेमतेम जम बसत असताना त्याला टीबी असल्याचं निदान झालं होतं. लागण बहुधा आईकडून. त्याच वर्षी, 1873 मध्येच, फ्रान्सिस्कोही टीबीनेच गेला. औषध नव्हतंच. रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू जगासमोर मांडला तो 1882 मध्ये, आणि त्यावर चालणारं औषध यायला 1940 चं दशक उजाडलं. तोवर डॉक्टर एकच सांगत : कोरड्या हवेत जा.

इथे त्याचा आजार आणि त्याचा धंदा समोरासमोर आले. वकील खोकत खोकत दावा चालवू शकतो, दुकानदार खोकत खोकत माल विकू शकतो. दंतवैद्याला मात्र माणसाच्या उघड्या तोंडावर वाकून तास-दोन तास काम करायचं असतं, आणि हात हलून चालत नाही. खोकल्याची उबळ आली की गिऱ्हाईक खुर्चीतून उठणारच. मार्च 1874 मध्ये भागीदारी मोडली. मे महिन्यात जुगाराबद्दल त्याच्यावर पहिला खटला भरला गेला. पत्त्यांच्या टेबलावर समोरचा माणूस खोकतो की नाही, हे कुणी बघत नाही.

तरी त्याने दवाखाना लगेच सोडला नाही. 1878 च्या उन्हाळ्यात डॉज सिटीच्या वर्तमानपत्रात त्याची जाहिरात आहे : डॉज हाउस हॉटेल, खोली नंबर 24, समाधान न झाल्यास पैसे परत. पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या लास व्हेगास गावात त्याने पुन्हा पाटी लावली. तीच बहुधा शेवटची. प्रेस्कॉटच्या प्रगणकाला धंदा सांगितला तोपर्यंत पोट पत्त्यांवरच चाललं होतं.

यापुढचा भाग सगळ्यांना पाठ असतो. मित्र वायट अर्प आणि त्याच्या भावांबरोबर 26 ऑक्टोबर 1881 ला टूमस्टोनमध्ये झालेली चकमक सुमारे अर्ध्या मिनिटाची, त्यात तिघे मेले. ती ‘ओके कोरल’च्या नावाने ओळखली जाते, पण झाली शेजारच्या रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत. लोकांनी त्याच्या नावावर डझनांनी खून लावले. पुरावा सापडतो तो एक ते तीन माणसांचा.

घरच्यांकडे मात्र वेगळीच आठवण राहिली. ती मॅटीची. मॅटी त्याची सख्खी चुलत बहीण, त्याच्याहून दीड वर्षाने मोठी. दोघांचा एकमेकांवर जीव होता आणि तो पश्चिमेला गेल्यावरही तिला पत्रं लिहायचा, असं घराण्यात सांगतात. ते प्रेम होतं की माया, यावर पुस्तकांत बरंच लिहिलं गेलंय, पण ठरवायला साधन नाही, कारण ती पत्रं नंतर नातेवाइकांनी जाळली. कॅथलिक असलेली मॅटी 1883 मध्ये सव्हानाच्या मठात दाखल झाली आणि सिस्टर मेलनी झाली. 1939 पर्यंत ती जगली. ‘गॉन विथ द विंड’ लिहिणारी मार्गारेट मिचेल तिची दूरची नातलग, आणि त्या कादंबरीतल्या मेलनीचं नाव हिच्यावरूनच आलं असं मानतात.

जॉनचे शेवटचे दिवस कोलोरॅडोत गेले. लेडव्हिल हे गाव तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर. आजारी फुप्फुसांना ते मानवणारं नव्हतंच. 1887 मध्ये तो ग्लेनवुड स्प्रिंग्जच्या गंधकाच्या गरम झऱ्यांपाशी आला. त्या वाफेने छाती सुधारते असा समज होता. 8 नोव्हेंबरला हॉटेलच्या खोलीत, अंथरुणातच तो गेला. वय 36. त्याचं थोडंफार सामान मॅटीकडे पोचवलं गेलं, असं घरचे सांगतात.

गावाबाहेरच्या टेकडीवरच्या लिनवुड दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे आणि पर्यटक तिथे पत्ते ठेवून जातात. नेमकी कबर त्या दगडाखाली नाही. ती कुठे आहे याची नोंद हरवली आहे, आणि ग्रिफिनमधले काही लोक तर म्हणतात, की बापाने त्याला परत आणून गावातच पुरलं.