झीलकऱ्याची जागा : प्रस्तावना

हे पुस्तक सोळा ते वीस या वयातल्या, मुख्यतः भिलाईच्या मराठी वाचकांसाठी आहे. गेल्या वर्षीपर्यंत शिबिरार्थी म्हणून सतरंजीवर बसलेले आणि यंदा गळ्यात शिट्टी आलेले असे हे वाचक. दहा-बारा मुलांचा गट त्यांच्या हाती आला आहे, आणि वर एक अनुभवी गटप्रमुख आहे. कागदोपत्री त्यांना कुठे ज्युनिअर काउन्सेलर म्हणतात, कुठे सहायक गटप्रमुख. मुलांच्या लेखी ते ताई आणि दादा असतात, भिलाईत बहुधा दीदी आणि भैया. या वाचकांचे या विषयात मनापासून स्वागत.

विषय म्हटले खरे, पण तो कोणत्याही एका विद्याशाखेत पूर्ण सापडत नाही. थोडा शिक्षणशास्त्रात आहे, थोडा समाजमानसशास्त्रात, थोडा कायद्यात आणि बराचसा आपल्याकडच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी परंपरेत. ही परंपरा चांगली जुनी आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ साली पुण्यात उभे राहिले, एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले, आणि गल्लीतली शाखा मुलांहून थोड्याच मोठ्या तरुणांनी चालवायची ही रीत पडली. आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथेही धाकट्यांच्या दलावर जाणारे दादा-ताई कालपर्यंत त्याच दलात खेळलेले असत. बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी १९६७ पासूनची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातले हे ठिकाण भिलाईकरांना पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ पासून ‘निर्माण’ ही तरुणांची शिबिरे चालवली, तीही छत्तीसगडच्या हद्दीला लागून असलेल्या जिल्ह्यात. नेतृत्वाची शिबिरे म्हटली की ती कुठेतरी लांब भरतात, असे भिलाईच्या मराठी घरांत उगाच मानले जाते.

या सगळ्यांच्या आधी बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचे शिबिर घेतले होते. त्यात श्रीमंत शाळांतली मुले होती आणि कष्टकऱ्यांचीही. मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ त्यातल्याच एका मोठ्या मुलाच्या हवाली केला. त्या काळाच्या मानाने हे धाडस होते. स्काउटिंगचे गणवेश, गाठी आणि सलाम जगभर गेले. पण मला विचाराल तर त्या चळवळीची खरी देणगी हा संघनायकच.

मोठे माणूस हाताशी असताना मध्ये हा पोरगेला दुवा कशासाठी? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की १९३४ साली वारले. मूल एकट्याने जे करू शकते आणि कोणाच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधला पट्टा हीच शिकण्याची जागा, असे त्यांचे म्हणणे. मदत करणाऱ्यांत त्यांनी मोठ्या माणसांबरोबर थोडे अधिक जाणणारे सोबतीही धरले आहेत. तंबूची दोरी नीट न बांधता येण्याचा ताण चाळिशीतला शिक्षक विसरून गेलेला असतो. सतरा वर्षांच्या मुलीच्या तो अजून बोटांत असतो. नुकतेच शिकल्याची ही ताजी आठवण हे सहायकाचे मुख्य भांडवल आहे, आणि ते फार वर्षे टिकत नाही.

मात्र याच जागी नवा सहायक बहुधा घसरतो. तो छोटा मास्तर होतो. शिट्टी जास्त वाजवतो, आवाज चढवतो, गोष्ट स्वतःच सांगतो, पूलही स्वतःच बांधून दाखवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नेतृत्वाचे दुसरे चित्र त्याने पाहिलेलेच नसते. भिलाईच्या वाचकाला ते दाखवायला लांब जायला नको. शहराजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंची पंडवानी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तंबोरा उंचावणाऱ्या बाईंइतकाच त्यांचा साथीदार, रागी, आठवत असेल. तो हुंकार भरतो, श्रोत्यांच्या मनातला प्रश्न नेमक्या क्षणी विचारतो, कथा रेंगाळली की तिला पुढे ढकलतो. कथा त्याला पाठ असते, पण तो ती सांगत नाही. आपल्या पोवाड्यातला झीलकरी तो हाच. गटात सहायकाची जागा ही झीलकऱ्याची. फक्त एक फरक ध्यानात ठेवायचा : इथे शाहीर म्हणजे गटप्रमुख नव्हे. शाहीर ती दहा-बारा मुले.

हे नुसते सुभाषित राहू नये म्हणून एका जुन्या प्रयोगाकडे वळू. हिटलरच्या जर्मनीतून अमेरिकेत आलेले कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छंदगट चालवले. मुलांनी मुखवटे वगैरे बनवायचे. निष्कर्ष १९३९ साली छापून आले. एक नेता हुकूमशाही ढंगाने वागे : पुढची पायरी आयत्या वेळी सांगे, कोण कोणाबरोबर बसेल तेही तोच ठरवी. दुसरा सगळा आराखडा मुलांपुढे ठेवी आणि निर्णय त्यांच्याबरोबर घेई. तिसरा नुसताच बाजूला बसे. हा तिसरा प्रकार मूळ योजनेत नव्हता. लोकशाही ढंगाने वागू पाहणाऱ्या एका नेत्याच्या हातून ते नीट जमले नाही, त्यातून तो निघाला. आपण मुलांना स्वातंत्र्य दिले आहे असे समजून मोबाइलमध्ये डोके घालणाऱ्या सहायकांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

हुकमाखालच्या गटांत काम कमी झाले नाही. उलट नेता समोर असेपर्यंत ते अधिकच झाले. पण काही गट मुकाट, मरगळलेले राहिले, तर काहींत चिडचिड साचली आणि एखाद्या मुलाला सगळ्यांनी मिळून छळले. खरा फरक दिसला तो नेता मुद्दाम खोलीबाहेर गेला तेव्हा. हुकमाचा गट थंडावला; मिळून ठरवणारा गट कामाला लागलेला राहिला. या पुस्तकाचा सगळा रोख याच एका निरीक्षणावर आहे. सहायक चांगला की नाही, हे तो समोर असताना कळत नाही. तो पाण्याची बादली आणायला गेला की गटात काय होते, ते पाहावे. अर्थात प्रयोगातले नेते प्रौढ होते, मुले थोडी होती, देश आणि काळ दोन्ही आपले नव्हते. म्हणून त्याला वेदवाक्य मानू नये. आपल्या गटात तो पडताळून मात्र पाहता येतो, आणि त्याला खर्च येत नाही.

दुसरा प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. १९५४ मध्ये मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांना उन्हाळी शिबिर म्हणून नेले. काउन्सेलर म्हणून वावरणारी माणसे प्रत्यक्षात संशोधक होती. शेरीफ स्वतः शिपायाचे सोंग घेऊन फिरत. मुलांचे दोन गट पाडले आणि बक्षिसाच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. नुसते एकत्र जेवायला बसवून वैर गेले नाही. बंद पडलेला पाणीपुरवठा आणि अडकलेला ट्रक अशी दोघांच्याही गरजेची कामे पुढे आली, तेव्हा ते ओसरत गेले. पुढे जुनी कागदपत्रे तपासल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली. आदल्या वर्षी असेच एक शिबिर योजनेप्रमाणे पार पडले नव्हते, कारण मुले एकमेकांवर उलटायला तयारच झाली नाहीत. म्हणजे मुले जात्याच टोळीबाज, असा सोपा धडा यातून निघत नाही. मोठ्यांनी डाव कसा मांडला, यावर पुष्कळ अवलंबून. आपल्या शिबिरांत गटांची गुणतालिका पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने भिंतीवर लागते. माझे मत विचाराल तर ती दुसऱ्या दिवशी उतरवावी. मुलांना न विचारता त्यांच्यावर असा प्रयोग करणे आज कोणत्याही नीतीत बसणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

भिलाईत गट पडण्याच्या या गोष्टीला निराळी धार आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरची माणसे या माळावर आली. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, तेव्हा विदर्भातल्या मराठी कुटुंबांना हा फार मोठा परदेश नव्हता. भिलाईला ‘मिनी भारत’ म्हणायची पद्धत आहे, आणि एका गटात छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळम, बंगाली, पंजाबी, मराठी घरांतली मुले सहज येतात. भाषेवरून ती फारशी भांडत नाहीत. भेद पडतो तो पत्त्यावरून. सेक्टरमधल्या क्वार्टरचे मूल आणि खुर्सीपार किंवा कॅम्प-१ मधले मूल, कायम कामगाराचे आणि ठेकेदाराकडच्या कामगाराचे. बूट, पाण्याची बाटली, इंग्रजी हे सगळे पहिल्या तासाभरात मोजून झालेले असते. गटप्रमुखाला हे दिसेलच असे नाही. त्याला वेळापत्रक सांभाळायचे असते. जेवणाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसत नाही, हे सहायकालाच दिसते. ते त्याने बोलून दाखवू नये. दुसऱ्या दिवशी जोड्या पाडताना त्याचा उपयोग करावा.

दुसरी अडचण गुणांची. ज्या शहरात आठवीपासून आयआयटीच्या क्लासची चर्चा चालते, तिथे नेतृत्वही प्रमाणपत्रासाठी करण्याची सवय लागते. प्रमाणपत्र हवे असेल तर जरूर घ्यावे. या पुस्तकाची त्यासाठी गरज नाही.

घराची आठवण येऊन रडणाऱ्या मुलाबद्दल पुढे एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते सर्वांत मोठे आहे. तसे ते मुद्दाम ठेवले. बहुतेक मुलांना ही आठवण कमीअधिक येतेच. ती येते रिकाम्या वेळी, दुपारच्या विश्रांतीत आणि दिवे मालवल्यावर. ख्रिस्तोफर थर्बर यांनी अमेरिकेतल्या शिबिरांत या विषयावर बरेच काम केले आहे. ‘नाही आवडले तर लगेच न्यायला येऊ’ असे पालकांनी आधीच कबूल करू नये, हा त्यांच्या सल्ल्याचा भाग आहे. अशा कबुलीने मुलाला वाटू लागते की आपल्याच्याने हे होणार नाही, असे घरच्यांनीच धरले आहे. सहायकाने काय करावे? थट्टा करू नये, ‘मुलगा असून रडतोस’ तर कधीच म्हणू नये, आणि खोटे वायदेही करू नयेत. त्याला हाताला काम द्यावे. गादी ओली झाली तर ती इतर मुले उठण्याआधी गुपचूप बदलावी. चांगल्या सहायकाची ओळख मला विचारली, तर भाषणकलेच्या कितीतरी आधी मी हे सांगेन.

उन्हाबद्दल दोनच ओळी. भिलाईच्या मेमध्ये दुपारी मैदानी खेळ नकोत. मूल सुस्तावले, बरळू लागले की त्याला सावलीत घेऊन अंग गार करायचे आणि तत्काळ मोठ्यांना बोलवायचे. जागा बदलताना दर वेळी डोकी मोजायची.

शेवटी कायदा, तो कंटाळवाणा वाटला तरी वाचावा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. म्हणजे सतरा वर्षांचा दादा मुलांना सांभाळतो आणि त्याच वेळी स्वतःही संरक्षणाचा हक्कदार असतो. रात्रीची पूर्ण जबाबदारी एकट्या सहायकावर टाकणारे आयोजक त्याच्याशीही अन्यायाने वागतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणे या कायद्याच्या कलम १९ ने सर्वांवर बंधनकारक केले आहे. न कळवल्याची शिक्षा बालकाला लागू होत नाही; पण म्हणून गप्प बसावे असा त्याचा अर्थ नव्हे. ‘कोणाला सांगू नकोस ना’ असे मूल म्हणाले तर तसे वचन देऊ नये. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, आता आपण मोठ्यांना सांगू’ एवढेच म्हणावे आणि त्याच दिवशी सांगावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शिबिराच्या फलकावर लिहिलेला असावा. पोराटोरांनी मनाचे डॉक्टर होऊ नये. ऐकून घेणे आणि योग्य हाती सोपवणे इथे त्यांचे काम संपते, आणि तेवढे पुरेसे अवघड आहे.

वाचकांना एक विनंती आहे. मराठीत शिबिरांच्या संस्थापकांची चरित्रे आणि आठवणी पुष्कळ आहेत. सहायकांच्या नोंदी फार थोड्या. तेव्हा रोज रात्री झोपण्यापूर्वी वहीत अर्धे पान लिहा : आज मी बाजूला असताना गटाने काय केले, कोण गप्प होते, कोणता खेळ फसला. मुलांची नावे लिहू नका. शिबिर संपल्यावर वही फेकू नका, पुढच्या वर्षीच्या सहायकाला वाचायला द्या. या पुस्तकाची पुढली आवृत्ती अशा वह्यांवरूनच सुधारायची आहे.