पोकळ मुकुट आणि कुरवंजी

निकोलस डर्क्स यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पुदुक्कोट्टैच्या अभ्यासात राजमुकुटाला 'पोकळ' हे विशेषण लावले आणि वसाहतकालीन तमिळ राजसत्तेच्या चर्चेला एक सोयीचे रूपक मिळाले. त्यांचे प्रतिपादन असे की, कळ्ळर जातीच्या तोंडैमान राजांची सत्ता जमीन, मान आणि पदव्या यांच्या दानातून घडत होती. घेणाऱ्याचे समाजातील स्थानही त्या देण्यातूनच ठरे. इंग्रजांनी राजा ठेवला, दरबार ठेवला. मात्र १८८८ च्या इनाम-बंदोबस्ताने दानाची मालमत्ता झाली. समारंभ तेवढा उरला.

शेजारच्या तंजावरला हे विवेचन जसेच्या तसे लावता येईल काय, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला. हाती राहिला किल्ला, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. मुकुट येथे अधिकच पोकळ म्हणावा लागेल. तरीही १८०३ मध्ये या राजाने चोळांच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले वंशाचा इतिहास कोरविला, आणि तोही मराठीत. तो वाचणार कोण होते? येणारा बहुसंख्य भाविक तमिळभाषक. या लेखाचे कार्य वाचले जाण्याचे नव्हतेच. चोळांच्या दानलेखांशेजारी असणे, हेच त्याचे कार्य.

'देवेंद्र कुरवंजी' याहून बोलकी आहे. कुरवंजी हा तमिळ रूपबंध. त्यात डोंगरातली कुरत्ती विरहिणी नायिकेला भविष्य सांगते आणि ओघाने आपल्या डोंगर-नद्यांचे वर्णन करते. सरफोजींनी मराठीत रचलेल्या या कुरवंजीत तीच कुरत्ती पृथ्वीवरील खंड आणि देश सांगू लागते. ज्याच्या सत्तेची सीमा किल्ल्याच्या तटापाशी संपली होती, त्याने भटक्या भविष्यवेत्तीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला! याला निव्वळ छंद म्हणून बाजूला सारणाऱ्या आपल्या वाङ्मयेतिहासाने रूपबंधाचे राजकारण लक्षातच घेतलेले नाही. दानाची जागा येथे ज्ञानाने घेतली, असे मला वाटते. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रहही याच दृष्टीने पाहावा लागेल.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंचा दावा मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. ही जप्ती सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरची आहे, असे ठरले. मुकुट खरोखरच पोकळ असता, तर तो उतरविण्यासाठी सार्वभौमत्वाचा आधार का घ्यावा लागला असता?