ओटीपोटातला फुगा

कोल्हापुरातल्या वीकेंडला या वेळी वाचला अ‍ॅन्युरिझमचा इतिहास. धमनीची भिंत कमकुवत झाली की तिथे फुगा येतो. ओटीपोटातल्या इलियाक धमनीत एकटाच आलेला फुगा दुर्मिळ, आणि इतका खोल की सहसा हाताला लागत नाही. मूत्रवाहिनी दाबली गेली तर मुतखडाच वाटतो! आज आपल्या कोल्हापुरातही तो सीटी अँजिओग्राफीत दिसतो. साधारण ३.५ सेंमी झाला की ऑपरेशन, किंवा जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट.

१८१२ साली यातलं काहीच नव्हतं. भूलसुद्धा नाही, ईथर आलं १८४६ला. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर पश्चिम आफ्रिकेतून आणलेली माइला नावाची गुलाम बाई होती. तिच्या नितंबावरचा धडधडणारा फुगा बघून डॉ. विल्यम स्टीव्हन्सने ओटीपोट कापलं आणि आतली इलियाक धमनी दोऱ्याने बांधली. अशी ही नोंदलेली पहिलीच शस्त्रक्रिया. बाई जगली, तीही पुढे कित्येक वर्षं!

तिच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने तपासलं, तर फुगा दुसऱ्याच फांदीचा निघाला. दोन्ही फांद्या त्याच धमनीच्या, म्हणून निदान चुकूनही इलाज बरोबर लागला. नाव अर्थातच स्टीव्हन्सचं झालं. माइलाला 'नको' म्हणायची सोयच नव्हती.