मास्तरांनी घरी बनवलेलं प्रयोगसाहित्य

नातीचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं जर्नल परवा चाळलं. नवा युजर तयार करा, फायलीच्या परवानग्या बदला, अडकलेली प्रोसेस बंद करा... सगळे लिनक्सवरचे प्रयोग. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमची पाळी कधी, कोणाला किती मेमरी, हे तो ठरवतो. या कारभाऱ्याच्या दप्तरात विद्यार्थ्यांनी हात घालायचा, यालाच एके काळी चक्क बंदी होती!

युनिक्स ही अमेरिकेतल्या बेल लॅब्जची सिस्टिम. तिच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे ९,००० ओळी सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी आपल्या वर्गासाठी छापल्या आणि १९७७ साली त्यावर टीका लिहिली. (टीका म्हणजे आपल्याकडे गीतेवर लिहितात तशी, दोष काढणं नव्हे.) मग १९७९ साली सातवी आवृत्ती आली. तिच्या परवान्यात कलम होतं की हा सोर्स कोड वर्गात शिकवायचा नाही. धंद्याचं गुपित ना! लायन्स यांचं पुस्तक झेरॉक्सच्या झेरॉक्स होत हातोहात फिरत राहिलं आणि बहुतेक ठिकाणी हा विषय नुसती थिअरी म्हणून उरला.

थिअरी उरते म्हणजे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. एका शाळेत प्रयोगशाळेचं कपाट फक्त तपासणीच्या दिवशी उघडायचं. भिंगं फुटतील ही भीती. मुलं प्रकाशाचं वक्रीभवन घडाघडा म्हणून दाखवायची, भिंग हातात न घेता. असो.

अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातले प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी कलमाशी भांडण मांडलं नाही. मुलांसाठी स्वतःच सिस्टिम लिहायला घेतली. नाव मिनिक्स. बाहेरून युनिक्ससारखी, आत बेल लॅब्जची एकही ओळ नाही. हार्ड डिस्क नसलेल्या पीसीवर, फ्लॉपीवरून चालणारी, म्हणजे विद्यार्थ्यालाही परवडावी. पण खऱ्या पीसीवर ती तासाभरात कोसळायची, कारण सापडेना. ते नाद सोडायच्या बेतात होते. तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थ्याने ऐकीव माहिती सांगितली, की ही चिप तापली की १५ नंबरचा इंटरप्ट देते. मॅन्युअलमध्ये तसं काही नव्हतं, पण त्यांनी तो इंटरप्ट पकडायची सोय केली आणि तासाभरात तो खरोखरच पडद्यावर हजर! गुरूचं अडलेलं गाडं शिष्याच्या ऐकीव माहितीने सुटलं. मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वात आवडतो.

१९८७ साली मिनिक्स आणि तिचा सोर्स कोड छापलेलं पाठ्यपुस्तक बाहेर आलं. आता विद्यार्थी प्रोग्रॅमच्या पाळीचा नियम बदलून बघू शकत होता. कंपाइल करायचं, चालवायचं, कोसळली तर का कोसळली ते शोधायचं. फ्लॉपी पुन्हा घातली की पाटी कोरी.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स याने हेच पुस्तक वाचलं, पीसीवर मिनिक्स घातली आणि तिच्यावर काम करता करता १९९१ साली लिनक्स लिहिली. १९९२ च्या जानेवारीत टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे सुनावलं, की तू माझा विद्यार्थी नाहीस ते बरं, अशा रचनेला चांगले गुण मिळाले नसते. मास्तर तो मास्तरच! लिनसनेही तितक्याच जोरात उत्तर दिलं.

लायन्स यांचं पुस्तक रीतसर छापून आलं ते १९९६ साली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९८ च्या डिसेंबरात, ते वारले.