मनगट, कोपर आणि फुगलेलं बिल

पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या कोडने एकदा एक बिल फुगवलं. टेस्ट होती नर्व्ह कंडक्शनची. हातावर विजेचा हलका झटका देतात आणि मज्जातंतू, म्हणजे आपल्या बोलीतली नस, संदेश किती वेगाने नेते ते मोजतात.

तिकडे अशा प्रत्येक टेस्टला सीपीटी कोड असतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ही यादी १९६६ मध्ये काढली. १९८३ मध्ये मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, ती स्वीकारली. मग कोड म्हणजेच पैसा झाला!

२०१२ पर्यंत या टेस्टचं बिल नसेमागे व्हायचं. जानेवारी २०१३ पासून ते कोड गेले आणि ९५९०७ ते ९५९१३ आले. एक-दोन तपासण्यांना पहिला कोड, तेरा किंवा जास्त असतील तर शेवटचा.

पण मोजायचं कसं? एका नसेची मोटर तपासणी करताना मनगटावर आणि कोपरावर असे दोन झटके दिले, तरी तपासणी एकच. त्याच नसेची सेन्सरी तपासणी मात्र वेगळी धरतात. रुग्णाच्या दोन नसा तपासल्या होत्या, दोन्ही प्रकारे. म्हणजे चार तपासण्या, कोड ९५९०८. मी झटके मोजले. सहा झाल्या, कोड ९५९०९!

बिल जाण्याआधी एका अनुभवी कोडर ताईंनी रिपोर्ट वाचला आणि चूक पकडली. मी म्हटलं, "छोटा बग आहे." त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी बग. पैसे त्या माणसाच्या खिशातून गेले असते."

तेव्हापासून लूप लिहिण्याआधी मी नियम वाचतो.