परवाना आणि परवली

वाण्याचा माल तोलून देता येतो, कापड गजाने मोजून देता येते. परंतु वाऱ्यावर सोडलेले गाणे कोणी किती ऐकले, हे कशाने मोजावे? ऐकणाऱ्याने ते कितीही ऐकले तरी गाणाऱ्याचे काही उणे होत नाही, आणि शेजाऱ्याने फुकट ऐकले म्हणून पैसे भरणाऱ्याच्या वाट्याचा सूरही कमी पडत नाही. तथापि गवयाची बिदागी, यंत्रांची किंमत आणि विजेचा खर्च ह्यांचे पैसे कोठून तरी यावेच लागतात. हा पेच महाराष्ट्रात ठळकपणे उभा राहिला तो १९२७ साली, मुंबईत. २०२३ च्या जुलैमध्ये नेटफ्लिक्स ह्या कंपनीने एका खात्यास एकच घर असा नियम भारतात लागू केला, तेव्हा तोच पेच वसई तालुक्यातील गाससारख्या गावाच्या घरांतही शिरला.

वर्तमानपत्रांना ह्याची झळ लागली नव्हती असे नाही. १८८१ साली पुण्यास निघालेल्या ‘केसरी’चा अंक गावी आला की तो मोठ्याने वाचला जाई, वर्गणीदार एक आणि ऐकणारा सारा पार. परंतु अंक ही हातात धरता येणारी वस्तू होती. ती विकली गेली की तिच्यापुरता हिशेब मिटला. पुढे ती किती हातांतून फिरली, ह्याची चौकशी करीत बसण्याचे कोणास कारण नव्हते.

ध्वनिक्षेपणाचे तसे नव्हते. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते मुंबईचे केंद्र सुरू झाले. ते चालविणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी संस्था होती. तिचे नियोजित भांडवल पंधरा लक्ष. त्यातील सहाच लक्ष प्रत्यक्षात उभे राहिले, आणि मुंबई व कलकत्ता येथील दोन केंद्रे उभारता उभारता बहुतेक रक्कम संपली. केंद्राची शक्ती दीड किलोवॅट, टप्पा सुमारे तीस मैलांचा. मुंबईभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर गास त्याच्या काठावरच येते. कंपनीचे उत्पन्न दोन वाटांनी यावयाचे होते. श्रोत्याने वर्षाला दहा रुपयांचा परवाना टपाल कचेरीतून काढावा व त्यातील आठ रुपये कंपनीस मिळावेत, ही एक वाट. आयात होणाऱ्या यंत्रसामग्रीच्या किमतीवर व्यापाऱ्यांनी काही अंश द्यावा, ही दुसरी. दोन्ही वाटा गळक्या निघाल्या. १९२९ च्या अखेरीस साऱ्या देशातील परवाने आठ हजारांच्याही आत होते.

परवाना न काढता ऐकणारे किती होते, हे मोजणे स्वभावतःच अशक्य होते. कंपनीची त्यांच्याविषयीची तक्रार मात्र कायमची झाली होती. त्या काळचा साधा स्फटिक-संच घरच्या घरी जोडता येई. तो खणात मावे, आणि त्याचा आवाज कानाला लावलेल्या यंत्राबाहेर फारसा जात नसे. अशा श्रोत्यास शोधावे तरी कसे? १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यावर भिस्त ठेवावी, तर त्यात नुसता संच बाळगणे हा अपराधच नव्हता. तो उभारला वा चालविला हे सिद्ध करावे लागे. म्हणजे चोर पकडावयाचा तो गाणे ऐकत असताना! १ मार्च १९३० रोजी कंपनीने दिवाळे काढले.

महिनाभरात सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली. पण तोट्याचा धंदा सरकारलाही परवडेना. ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला, आणि लोकांनी, विशेषतः बंगाल्यांनी, एवढी ओरड केली की पुढच्याच महिन्यात तो फिरवावा लागला. जे लोक परवान्याचे दहा रुपये चुकवितात, त्यांनाच केंद्र बंद पडले तर चैन पडत नाही, हा विरोध वरवरचा आहे. माणसास वस्तू नको असते असे नाही. ती त्याच्या घरी येऊन पडत असताना तिचे पैसे मागितले जावेत, हे त्याच्या मनास पटत नाही.

सरकारने त्यानंतर योजिलेला उपाय हिशेबी होता. प्रथम आयात संचांवरील जकात वाढवून शेकडा पन्नास केली. घराघरात डोकावण्यापेक्षा बंदरावर उभे राहणे सोपे. मग १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा आला व १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. त्याने परवान्यावाचून संच जवळ बाळगणे हाच अपराध ठरविला. पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास अडीचशेपर्यंत. १९३२ च्या अखेरीस साडेआठ हजारांच्या आसपास असलेले परवाने १९३४ च्या अखेरीस सोळा हजारांवर गेले. ह्याचे सगळे श्रेय दंडास देणे मात्र अन्यायाचे होईल. डिसेंबर १९३२ मध्ये लंडनहून साम्राज्यासाठी ध्वनिक्षेपण सुरू झाले होते, आणि ऐकण्याजोगे काही असले म्हणजे परवानाही जड वाटत नाही.

ह्या कायद्यात एक गोष्ट मात्र मोठ्या शहाणपणाने वगळली होती, मग ते शहाणपण जाणूनबुजून असो वा नसो. त्याने संच मोजले, कान मोजले नाहीत. गिरगावातल्या चाळीत एका बिऱ्हाडी नभोवाणी लागली आणि गॅलरीत सारा मजला जमला, तरी कायद्यास त्याचे काही वाटत नसे. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने तर अशा सामुदायिक ऐकण्यास उत्तेजनच दिले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी वीस कार्यक्रम झाले. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत एकेका संचाभोवती माणसे बसवून ते ऐकविले गेले, आणि ऐकून झाल्यावर गावकऱ्यांनी आपसात चर्चा करावी अशी योजना होती. येथे एका संचामागे जितके कान अधिक, तितके ते यश मोठे!

परवान्याची ही पद्धत १९८५ साली बंद झाली. तोवर संच खिशात मावू लागले होते आणि देशभर पसरले होते. त्यानंतर केबलवाला आला, तेव्हा चोरीची जागा बदलली. ग्राहक केबलवाल्यास दरमहा इमाने पैसे देई. केबलवाला मात्र वाहिन्यांच्या मालकांना आपले ग्राहक खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याचे कळवी. ही लपवालपवी बंद करण्यासाठी मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून प्रत्येक दूरचित्रवाणी संचाशी मोजणीची पेटी सक्तीची झाली.

नेटफ्लिक्स भारतात आली जानेवारी २०१६ मध्ये. हिचा दरवाजा परवलीच्या शब्दाने, म्हणजेच पासवर्डने, उघडतो. परवलीचा शब्द पहारेकऱ्याने आपल्या माणसांना सांगावयाचा असतो. आणि आपली माणसे कोण, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. आरंभी कंपनीसही त्यात वावगे दिसले नाही. परवलीचा शब्द वाटून घेणे म्हणजेच प्रेम, अशा अर्थाचे वाक्य तिने मार्च २०१७ मध्ये स्वतःच जाहीरपणे प्रसिद्ध केले होते. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत दहा वर्षांहून अधिक काळानंतर प्रथमच तिचे वर्गणीदार घटले, आणि सूर पालटला. बावीस कोटी वीस लक्ष घरे पैसे देतात व आणखी दहा कोटींहून अधिक घरे फुकट पाहतात, असा हिशेब तिने भागधारकांपुढे मांडला. १९२७ च्या कंपनीस जे कधीच कळू शकले नाही, ते हिला आयते ठाऊक होते. कोणत्या जागेवरून, कोणत्या यंत्रावर, कोणत्या इंटरनेट जोडणीने चित्र पाहिले जात आहे, हे पाहणाऱ्याचे यंत्र आपणहून सांगते. शोधपथक धाडावे लागत नाही.

ग्राहकांचा संताप सर्वत्र सारखा उसळला नाही. स्पेनमध्ये नियम लागू होताच सुमारे दहा लक्ष वापरकर्ते गेल्याचा कँटार ह्या संस्थेचा अंदाज होता. कॅनडात मात्र थोड्याच अवधीत वर्गणीदार पूर्वीपेक्षा वाढले. २०२३ च्या दुसऱ्या तिमाहीत जगभरात एकोणसाठ लक्ष नवे वर्गणीदार मिळाले, तिसरीत अठ्ठ्याऐंशी लक्ष, चौथीत एक कोटी एकतीस लक्ष. रागावून निघून गेलेल्यांतील अनेकांनी पुढे आपले स्वतंत्र खाते उघडले असावे, असे ह्यावरून दिसते. १९३१ च्या ओरडीतही हाच स्वभाव दिसला होता.

परंतु घर म्हणजे काय, हा प्रश्न पैशाने सुटणारा नाही. शिधापत्रिका चुलीवरून घर ओळखते, सातबारा त्यावरील नावांवरून. गासच्या वाड्यांत वेगळ्या चुली झालेल्या भावांची घरे एकाच आवारात, केळीच्या बागेआड किंवा बावखलाच्या काठाशी उभी असतात. धाकटा लेक नोकरीसाठी अंधेरीस खोली करून राहतो, लेक सासरी असते, कोणी आखातात असते. सणावारी अंगण भरले की सगळे मिळून एकच घर. कंपनीच्या लेखी मात्र जे एका इंटरनेट जोडणीवर, तेवढेच घर. त्यात चमत्कार असा की शेजारच्या भावाची वेगळी चूल त्या जोडणीच्या टप्प्यात आली, तर ती यंत्रास एकाच घरातली वाटते. आणि महिनाअखेर पगारातून आईकडे पैसे पाठविणारा अंधेरीचा मुलगा परका ठरतो. इतर काही देशांत अशा मुलास जादा वर्गणी भरून खात्यात घेण्याची सोय आहे. २०२३ मध्ये नियम लागू करताना भारतास ती देण्यात आली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये येथील दर कमी केले होते, हे कारण कंपनीने पुढे केले. तेव्हाच्या दरपत्रकात मोबाईलपुरती वर्गणी महिना १४९ रुपये होती. अंधेरीच्या मुलाने ती भरली, की तो कंपनीच्या वहीत एक नवे घर म्हणून लागे.