टप्प्याटप्प्याचें काम

मोठें काम अंगावर घेतांना दोन मार्ग संभवतात. पहिल्या मार्गांत आरंभींच सर्व आराखडा आंखला जातो आणि अखेरीस तयार वस्तु मालकाच्या स्वाधीन होते. दुसऱ्या मार्गांत कामाचे लहान भाग पाडले जातात. प्रत्येक भाग मालकास दाखवून, त्याचें मत ऐकून, मगच पुढचा भाग हातीं घेतला जातो. संगणकाचें सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मंडळींत हा दुसरा मार्ग 'अजाइल' या नांवानें ओळखला जातो. परंतु त्यांतील मर्म केवळ संगणकापुरतें नाहीं, हें धाराशिव जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासावरून चांगलें दिसून येतें.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले असतां, किल्लारी परिसरांत भूकंप झाला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे दोन जिल्हे हादरले. सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. बेंबळीपासून सास्तूरपर्यंतच्या या मुलुखांतील जुनें घर म्हणजे चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचें जड माळवद. जें माळवद उन्हाळ्यांत गारवा देई, तेंच त्या पहाटे कित्येकांचा काळ ठरलें.

पुनर्वसनाचें काम राज्य सरकारनें जागतिक बँकेच्या साहाय्यानें हातीं घेतलें. ज्यांचा पार विध्वंस झाला होता, अशीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. लोक उघड्यावर होते. निकड मोठी होती. गांवांचे नकाशे बहुधा एकदांच ठरले: काटकोनांत छेदणारे सरळ रस्ते आणि सारखीं घरें. घरें भक्कम झालीं. पण गुरांचा गोठा, कडब्याची गंजी आणि जुन्या गल्लींतील शेजार यांना तेथें पुरेसें स्थान मिळालें नाहीं, हें अनेक ठिकाणीं लोक राहावयास गेल्यावर उघड झालें. तोंवर भिंती उभ्या राहिल्या होत्या. उणीव कळली, पण ती भरून काढण्याची वेळ टळून गेली होती.

जेथें घरें खिळखिळीं होऊनहि उभीं होतीं, तेथें निराळी रीत पडली. दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती, आणि तेथें घरमालक हाच कामाचा धनी होता. अनुदान एकरकमी न मिळतां हप्त्यांनीं बँकेंतील खात्यांत जमा होई. एका टप्प्याचें काम अभियंत्यानें पाहून पसंत केलें, म्हणजे पुढचा हप्ता सुटे. माळवदावरील जादा माती उतरविणें, लांकडी खांब व तुळया यांच्या सांध्यांस तिरपे आधार देणें, दगडी भिंतींत आरपार दुवे बसविणें, असे उपाय सुचविण्यांत आले होते. हजाराहून अधिक गांवांत महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमण्यांत आलें. सरकारचा नियम घरापर्यंत आणि घरची अडचण अधिकाऱ्यांपर्यंत पोंचविणें हें त्यांचें काम होतें. त्यामुळें तक्रार काम चालू असतांनाच ऐकली जाण्यास वाट मिळाली.

पुढें फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेंतील यूटा राज्यांत, स्नोबर्ड येथें १७ सॉफ्टवेअर-तज्ज्ञ जमले आणि त्यांनीं अजाइलचा जाहीरनामा काढला. या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध नाहीं. तथापि दुखणें एकच होतें. वर्षानुवर्षें खपून तयार केलेलें सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हातीं पडे, तेव्हां त्याची गरजच बदललेली असे. यावर 'स्क्रम' नांवाच्या पद्धतींत पुढील व्यवस्था आहे. करावयाच्या कामांची यादी महत्त्वाच्या क्रमानें लावतात. तिला 'बॅकलॉग' म्हणतात. एका महिन्याहून अधिक नसलेल्या मुदतीस 'स्प्रिंट' म्हणतात; तींत झेपतील तेवढींच कामें घेतात. रोज १५ मिनिटें एकत्र बसून अडचणी सांगतात. मुदतीअखेर चालतें काम ग्राहकास दाखवितात, आणि नंतर आपल्या कार्यपद्धतींत काय सुधारावें याचा विचार करतात. काम 'पूर्ण झालें' असें केव्हां म्हणावें, हेंहि आधींच ठरलेलें असतें. दुरुस्तीच्या कामांत अभियंत्याची पसंती हीच ती कसोटी होती.

यावरून योजनेची गरज नाहीं, असा अर्थ कोणी काढूं नये. भिंत भूकंपांत कशी टिकेल, याचे नियम अभियंत्यांनीं आधींच घालून दिले होते. ते प्रत्येक घरमालकाच्या मर्जीवर सोडणें घातक झालें असतें. काय पक्कें ठरवावें आणि काय लोकांस दाखवून ठरवावें, हा विवेक दोन्ही ठिकाणीं सारखाच लागतो. गोठा कोठें हवा, हें घरांतील माणसासच ठाऊक असतें. तें त्यास पाया खणण्यापूर्वीं विचारलें पाहिजे.